छेदातली करणी घालवताना या चुका टाळा

गणित होतं ४/(√५ − १): छेदातली करणी, म्हणजे √५ सारखं पूर्ण न सुटणारं मूळ, घालवायची. शिकवणीतल्या नववीच्या एका पोराने ते अर्ध्या मिनिटात उडवलं आणि वही पुढे सरकवली. उत्तर: √५ − १.

"छेद काय होता रे?"
"√५ − १, सर."
"आणि उत्तर?"

मग गप्प. चारला ज्या संख्येने भागलं तीच उत्तर म्हणून आली, तर ती २ हवी. √५ − १ म्हणजे साधारण १.२३६.

पठ्ठ्याने अंश-छेदाला पुन्हा √५ − १ नेच गुणलं आणि छेदात बिनधास्त ५ − १ = ४ लिहिलं. चाराला चार गेले, काम झालं! खरं तर (√५ − १)² म्हणजे ६ − २√५. मधलं पद जात नाही, करणी छेदात ठाण मांडून बसते. तिला हलवायला अनुबद्ध जोडीतली (तीच पदं, फक्त मधलं चिन्ह उलट) दुसरी, म्हणजे √५ + १ लागते. तिने गुणलं की +√५ आणि −√५ एकमेकांना खातात, छेद खरोखरच ४ होतो आणि उत्तर येतं √५ + १, सुमारे ३.२३६.

चिन्ह फक्त मधलं बदलायचं. काही जण उत्साहात दोन्ही बदलतात: −√५ + १. ही तर जुनीच करणी, उणे एकने गुणलेली.

मी आजही दोन्ही कंस आधी लिहितो, गुणाकार नंतर. "सर, तोंडी येतं" म्हणणाऱ्यांचं काय येतं ते वर पाहिलंच.

३/√५ चा वर्ग करून ९/५ लिहू नका. करणी गेली, पण संख्याही बदलली.

(६ + २√५)/२ = ३ + २√५? दोनाने दोन्ही पदांना भागायचं असतं. ३ + √५.

५/√७२ दिसलं की √७२ ने गुणायला धावू नका. आधी ६√२ करा, मग नुसत्या √२ ने गुणा: ५√२/१२. नाहीतर ५√७२/७२ घेऊन बसाल आणि तेच काम शेवटी, मोठ्या आकड्यांवर कराल.

१/(√३ − √५) मध्ये छेद −२ येतो. तो उणे पुढच्या ओळीत हमखास हरवतो.

उत्तर आलं की √२ = १.४१४, √३ = १.७३२, √५ = २.२३६ घालून मूळ गणिताशी ताडून पाहा. दहा सेकंद लागतात.

आणि छेदात ∛२ असेल तर ∛२ ने एकदा गुणून पुरत नाही. ∛४ घ्या.