स्पिन कोटरचा व्हॅक्यूम कमी पडतोय? गळती अशी शोधा

स्पिन कोटर काच किंवा वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) वेगाने फिरवून तिच्यावर द्रवाचा पातळ थर पसरवतो; ती ज्या फिरत्या बैठकीवर व्हॅक्यूमने धरलेली असते तो चक. व्हॅक्यूम कमी असल्याचा इशारा आला की आधी पंपावर संशय जातो. दोष मात्र बहुतेकदा चक आणि काच यांच्यामधल्या फटीत सापडतो. तरी सुरुवात पंपापासूनच करा, तिथला निकाल मिनिटभरात लागतो.

पंपाची नळी मशीनपासून सोडवून तिच्या तोंडाला थेट गेज (व्हॅक्यूम मोजणारा दाबमापक) लावा. इथेच आकडा पडलेला असेल तर पंपाचा डायफ्रॅम (हवा ओढणारा लवचिक पडदा) आणि झडपा बघा, तेलाचा पंप असेल तर तेलही. जागेची उंचीही लक्षात घ्या: समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर हवेचा दाबच सुमारे ८४ किलोपास्कल असतो, तिथे गेज उणे ९० दाखवणं शक्यच नाही.

पंप ठीक निघाला तर नळी परत जोडा, चकवर सपाट, कोरी वेफर ठेवा आणि मोटर न फिरवता फक्त व्हॅक्यूम चालू करा. आता आकडा भरला, तर खोट तुमच्या सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे ज्यावर थर द्यायचा त्या तुकड्यात आहे: तो वाकलाय, मागे रेझिस्टचा (थर देण्याच्या द्रवाचा) थेंब वाळलाय, किंवा तो चकवरच्या ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) पूर्ण झाकत नाही. लहान तुकड्याला लहान चकच लावा, पण पकड क्षेत्रफळावर ठरते हे विसरू नका. ८० किलोपास्कलला १० मिलिमीटर व्यासाची ओ-रिंग जेमतेम ६ न्यूटन जोर देते. व्यास निम्मा केला की जोर चौथाई. तिथे वेग आणि प्रवेग दोन्ही उतरवा.

कोऱ्या वेफरवरही आकडा भरत नसेल तर ओ-रिंग लाकडी काडीने उचला. धातूच्या चिमट्याने खाचेवर ओरखडा पडतो आणि तोच पुढे गळतो. रिंग उजेडात धरून बोटांनी किंचित ताणा. बारीक चिरा उघडतात, चपटी झालेली बाजू चमकते. फुगून खाचेत बसत नसेल तर ते अ‍ॅसिटोनचं काम: नायट्राइल आणि व्हायटॉन ही ओ-रिंगची दोन्ही रबरं त्यात फुगतात. चक पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तेही कापडावर.

राहिली नळी. साबणाचं पाणी इथे उपयोगाचं नाही, व्हॅक्यूम ते आतच ओढून घेतो. पंपाच्या बाजूने एकेक टप्पा चिमटून गेज बघत चला. ज्या टप्प्यापुढे चिमटल्यावर आकडा पडतो, गळती त्यातच. मऊ सिलिकॉन नळी आतून चिकटून बंद होते, तिथे जाड भिंतीची हवी. मधला फिल्टर किंवा ट्रॅप (द्रव अडवणारं भांडं) रेझिस्टने तुंबला असेल तर बदला. साफ करायचं म्हणून चकच्या छिद्रात सॉल्व्हंट मात्र कधीही सोडू नका: विरघळलेला रेझिस्ट सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणाऱ्या) झडपेपर्यंत जातो आणि तिथे पुन्हा घट्ट होतो.