भाजायचं ते घरी, तळायचं ते विकत

मुंबईत खोलीवर नवे राहायला आलात की एक सवय लावून घ्या. खाऊचा भाव किलोत काढायचा. दहा रुपयांच्या पुड्यात २५ ग्रॅम माल असेल, तर तो ४०० रुपये किलोने पडला. बऱ्याच पाकिटांवर प्रति ग्रॅम दर छापलेला असतो, त्याला १००० ने गुणा. फलाटावर रोज पुडा फोडणाऱ्या आपल्या मंडळींना हा आकडा दिसतच नाही.

चिवडा घरीच करा. पातळ पोहे अर्धा किलो, दाणे आणि डाळं १००-१०० ग्रॅम, सुकं खोबरं ५० ग्रॅम, तेल पाच-सहा मोठे चमचे. एवढ्यात पाऊण किलोच्या वर होतो. पोहे कोरडेच, मंद आचेवर, चिमटीत चुरा होईपर्यंत भाजा. फोडणीतली मिरची कडक होऊ द्या, कढीपत्ता धुतला असेल तर पुसून वाळवूनच टाका. ओल राहिली की चिवडा दुसऱ्या दिवशी वातड. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. इथली हवा दमट, पावसाळ्यात तर झाकण उघडं राहिलं की सादळलाच. तरी टाकू नका, कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परता.

चकली, शेव, कडबोळी मात्र एकट्यादुकट्याने तळू नका. इथेच सगळे फसतात. भाजणीचा खर्च मांडतात, तेलाचा मांडत नाहीत. कढईत लिटरभर तेल लागतं, अर्धा किलो चकली त्यातलं थोडंच पिते. उरलेलं काळपट तेल खोलीवर कशात संपवणार? पुन्हापुन्हा तापवून खाणं तब्येतीला वाईट. फेकलंत तर त्याची किंमत चकलीवर चढवा. तेल चढवा, मग भाव काढा! दिवाळीत चौघांनी मिळून दोन किलो एका दमात तळलीत तरच परवडतं. एरवी चकली बचत गटाच्या बायकांकडून घ्या, फरसाण लालबागच्या चिवडा गल्लीतून, वजनावर. आधी एक तुकडा चाखा. खवट लागला तर तेल जुनं.

वडापाव घरी करण्याच्या फंदात पडू नका.

गावाहून आलेला डबा जपून ठेवू नका. त्यातलं खोबरं आधी खवट होतं. खोलीतल्या सगळ्यांत वाटून आठवड्यात संपवा.