इंग्लंडातलं भाड्याचं घर, कार्पेट आणि खिशाला परवडणारा व्हॅक्यूम

इंग्लंडात घर भाड्याने घेतलं की किल्लीबरोबर कार्पेटही गळ्यात पडतं. बेडरूममध्ये, हॉलमध्ये, जिन्यावर, काही जुन्या घरांत तर चक्क बाथरूममध्येसुद्धा. आपल्याकडे लादी झाडली, पुसली की विषय मिटला. कार्पेटवर झाडू फिरवला तर धूळ इकडची तिकडे होते, एवढंच. त्यामुळे कुकरच्या खालोखाल इथे लगेच लागणारी वस्तू म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, आणि नवीन आलेली मंडळी पैसेही नेमके इथेच उधळतात. पहिला पगार झाला की जाहिरातीत पाहिलेला चकचकीत कॉर्डलेस घरी येतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी यावर शंभर पौंडांच्या वर एक पेनीही घालू नका. त्याच्या निम्म्यात चांगलं काम होतं.

दुकानात जायच्या आधी जिन्याखालचं कपाट उघडून बघा. फर्निश्ड घरात बरेचदा घरमालकाचाच एक व्हॅक्यूम तिथे कोंबलेला असतो. तो ओढत नाही म्हणून लगेच नाव ठेवू नका. आधीच्या भाडेकरूने आतली, कचरा साठवायची पिशवी बदललेलीच नसते. नवी पिशवी घाला, फिल्टर झटका, मग ठरवा. तरीही चालला नाही आणि इन्व्हेंटरीत, म्हणजे घरासोबत मिळालेल्या सामानाच्या यादीत, त्याचं नाव असेल, तर एजंटला ईमेल करा. फोनवर सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

भारतातून येताना घरचा व्हॅक्यूम आणायचा विचार करत असाल तर सोडून द्या. व्होल्टेज दोन्हीकडे २३० च आहे, तेव्हा तो चालेल. पण प्लग बदलावा लागेल, त्याच्या पिशव्या नि फिल्टर इथे मिळणार नाहीत, आणि बॅगेतले पाच-सहा किलो फुकट जातील. त्या जागेत गोडा मसाला आणि मेतकूट आणा.

आता वॅटचं. आपल्याकडे विक्रेता आधी वॅट सांगतो, जितके जास्त तितकी मशीन दणकट. इथे तो हिशोब चालत नाही. युरोपीय नियमांनी सप्टेंबर २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही इथे ती टिकली. त्यामुळे कुणी दोन हजार वॅटचा जुना व्हॅक्यूम 'एकदम पॉवरफुल' म्हणून विकत असेल, तर तो २०१४ च्या आधीचा आहे एवढंच त्यावरून कळतं. डब्यावरचं ए, बी, सी असं ऊर्जेचं लेबल २०१९ मध्ये रद्द झालं, तेव्हा तेही शोधत बसू नका. विजेच्या बिलाची तर अजिबात काळजी नको. ६२० वॅटचा व्हॅक्यूम वीस मिनिटं चालवला तर पाव युनिटसुद्धा जळत नाही.

खरा प्रश्न आहे पिशवीचा की बिनपिशवीचा. दुकानात बिनपिशवीचे जास्त दिसतात, स्वस्तही असतात, चाळीस-पन्नास पौंडांना मिळतात. पारदर्शक डब्यात कचरा गरगरताना दिसतो, त्यामुळे घर साफ झाल्याचं समाधानही मिळतं. पण तो डबा रिकामा करताना निम्मी धूळ परत आपल्याच नाकात जाते. शिवाय त्याचा फिल्टर अधूनमधून धुवावा लागतो आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय घालायचा नसतो. नोव्हेंबरात इथे काही वाळतं का? रेडिएटरजवळ ठेवूनही दोन दिवस लागतात. घाईत ओला फिल्टर घातला की कुबट वास येतो आणि मोटरचं आयुष्यही कमी होतं. त्यात आपल्या घरातली धूळ वेगळी: सांडलेली कणीक, तांदळाची पिठी, रांगोळी, हळद. असल्या बारीक पुडीने बिनपिशवीचा फिल्टर बघता बघता चोंदतो. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर पिशवीवाला घ्या, यात दुमत नको. दहा पिशव्यांचं पाकीट साधारण दहा-बारा पौंडांना येतं, आणि दोन माणसांच्या फ्लॅटमध्ये एक पिशवी आरामात दोन-तीन महिने चालते.

पिशवीवाल्यांत इथला घरोघरचा गडी म्हणजे हेन्री. लाल पोट, काळी टोपी, हसरा चेहरा, आणि नाकातून निघालेला पाइप. सॉमरसेटमधल्या चार्ड गावी न्युमॅटिक नावाची कंपनी तो बनवते, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून. शाळेत, ऑफिसात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, जिथे बघाल तिथे सफाई कामगाराच्या मागे हाच घरंगळत असतो, यातच त्याची परीक्षा झाली. आत फारसं बिघडण्यासारखं काही नाही, आणि पिशवी, फिल्टर, पाइप, चाक, सगळे सुटे भाग सहज मिळतात. नवा घेतला तर शंभरच्या वर जातो. म्हणून जुना घ्यायचा. गमट्री नावाच्या जाहिरातींच्या साइटवर, फेसबुक मार्केटप्लेसवर तीस ते साठ पौंडांत भरपूर दिसतात. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या धर्मादाय संस्थेची फर्निचर आणि इलेक्ट्रिकल सामानाची दुकानं आहेत, तिथे तपासून घेतलेल्या वस्तू असतात. आणि आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लक्ष ठेवा. प्रोजेक्ट संपला की लोक परत जातात, आणि जाण्याच्या आदल्या आठवड्यात कुकर, इस्त्री, मुलांची सायकल, व्हॅक्यूम, सगळं मिळेल त्या भावाला काढतात. 'घेऊन जा हो फक्त' असंही ऐकायला मिळतं.

जुना बघायला गेलात की संकोच करू नका, लावून दाखवा म्हणा. केबल पूर्ण बाहेर ओढा. हेन्रीची दहा मीटरच्या आसपास असते आणि खराबी बहुधा शेवटच्या टोकाला, प्लगजवळ असते. कुठे चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर हात जोडा आणि निघा. मग पाइपच्या तोंडावर तळवा ठेवा. हात खेचला जायला हवा, नुसती झुळूक लागून उपयोग नाही. ओढ कमी वाटली तर पाइप मशीनपासून सोडवून थेट भोकावर हात धरा. तिथे जोर असेल तर पाइप तुंबलाय किंवा चिरलाय, आणि पाइप बदलणं स्वस्त आहे. तिथेही जोर नसेल तर झाकण उघडून पिशवी बघा. जळकट वास आला तर मोटर गेली समजा. ओल्या कुत्र्याचा वास आला तर मोटर ठीक आहे, पण तो वास तुमच्या घरात महिनोन्महिने राहील. शेवटी खालचा ब्रश उलटा करून बघा आणि पायाने दाबायची पट्टी वर-खाली होते का ते तपासा: लाकडी फरशीवर केस बाहेर, कार्पेटवर आत.

चालता चालता एकाएकी बंद पडला तरी घाबरू नका. पाइप तुंबला की मोटर तापते आणि आतला कटआउट तिला बंद करतो. प्लग काढा, तुंबलेलं काढा, तासभर थंड होऊ द्या, परत चालू होतो. अजिबातच हालचाल नसेल तर आधी प्लगमधला फ्यूज बदला. इथल्या प्रत्येक प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, तो काही पेनींना मिळतो. मार्केटप्लेसवर 'नॉट वर्किंग' म्हणून पाच पौंडांना टाकलेल्या मशीनमध्ये कधीकधी एवढीच भानगड निघते, पण त्या भरवशावर घेऊ नका.

हेन्रीची एक अडचण मात्र आहे: वजन. सामानासकट सात-साडेसात किलो. दोन मजली घरात रोज जिन्याने वर-खाली करणं कंबरदुखीच्या माणसाला झेपत नाही. (व्हॅक्यूमचा जन्म इथलाच. ह्यूबर्ट सेसिल बूथचं १९०१ सालचं यंत्र एवढं अगडबंब होतं की ते घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात सोडायचे. तेव्हा तक्रार जरा जपूनच.) अशा वेळी हलका अपराइट, म्हणजे उभा धरून ढकलायचा व्हॅक्यूम, बघा. त्याच्या तळाशी मोटरवर फिरणारा ब्रश असतो, म्हणून जाड कार्पेटमधले केस तो हेन्रीच्या साध्या ब्रशपेक्षा जास्त चांगले उपसतो. लांब केसांच्या बायका घरात असतील तर हा मुद्दा मोठा आहे. त्या ब्रशला केसांचा गुंता होतोच. प्लग काढून तो उलटा करा, कात्री रुळाच्या खाचेतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवा, गुंता पट्टीसारखा सुटून येतो.

कॉर्डलेस वाईट नसतात, पण स्वस्तातले वाईट असतात. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि नवीन बॅटरीची किंमत ऐकून मशीनच टाकावंसं वाटतं. रोबोटचा तर इथल्या छोट्या खोल्यांत, जिन्यात आणि दारांच्या उंबऱ्यांत जीव जातो.

सणासुदीला दोन गोष्टी लक्षात ठेवा. कुंकू किंवा हळद कार्पेटवर सांडली तर पुसू नका, ओलं फडकं तर लावूच नका, कायमचा डाग पडतो. खालचा ब्रश काढून नुसतं पाइपचं तोंड जरा वर धरा आणि ती कोरडीच ओढून घ्या. उदबत्तीची राख पूर्ण थंड झाल्याशिवाय ओढायची नाही, पिशवी कागदाची किंवा कापडाची असते. अक्षता आणि फोडणीतून उडालेली मोहरी खुशाल ओढा, पाइपमधून तडतडत जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर डिपॉझिटसाठी. इंग्लंडात वर्षाचं भाडं पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि घरमालकाने ते तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवायला हवं. घर सोडताना 'प्रोफेशनल कार्पेट क्लीनिंगचे पैसे भरा' असं एजंट म्हणाला तरी २०१९ च्या टेनंट फीज कायद्यानुसार तो तशी सक्ती करू शकत नाही. घर तुम्हाला मिळालं तेव्हा जेवढं स्वच्छ होतं तेवढं परत द्यायचं, वापराने होणारी नेहमीची झीज सोडून. म्हणून सामान आत आणायच्या आधी प्रत्येक खोलीतल्या कार्पेटचे फोटो काढा आणि त्याच दिवशी एजंटला ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख आपोआप लागते. तपासणीला आलेला माणूस खोलीच्या मधोमध बघत नाही. तो स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या) कडेची काळी रेघ, पलंगाखालचा भाग आणि जिन्याचे कोपरे बघतो. तिथे पाइपला निमुळतं तोंड लावून फिरवायचं. वाद झालाच तर ज्या योजनेत डिपॉझिट आहे तिच्याकडे फुकट दाद मागता येते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये कायदे वेगळे आहेत, तिथल्यांनी तिथलं बघावं.

नवा घ्यायचाच असेल तर ऑनलाइन घेतलेला बरा, कारण नुसतं मन बदललं तरी चौदा दिवसांत परत करता येतो. दुकानातून घेतलेल्याला तो हक्क आपोआप नसतो. दोष निघाला तर मात्र कुठूनही घेतलेला असो, तीस दिवसांत पूर्ण पैसे परत मागता येतात. जुना खाजगी माणसाकडून घेतलात तर यातलं बहुतेक काही लागू होत नाही, म्हणूनच वर एवढं तपासायला सांगितलं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर रात्री उशिरा चालवू नका. लाकडी तक्तपोशीतून आवाज सरळ खाली जातो आणि खालचा शेजारी तोंडावर काही न बोलता कौन्सिलला पत्र लिहितो.