अंगणातली शहाबादी पांढुरकी पडलीय?
आधी फरशीवर तांब्याभर पाणी ओता. ओलेपणी तिचा निळसर-करडा रंग पुन्हा उजळून आला, तर दगड शाबूत आहे, फक्त वरचा थर उन्हापावसाने निस्तेज झालाय. पण कृपा करून ॲसिड आणू नका! शहाबादी, कडप्पा, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड. ॲसिड पडताच फसफसतात, चकाकी जाते ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. साबणाच्या पाण्याने, नारळाच्या काथ्याने घासा आणि 2-3 दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग दगडाचा रंग खुलवणारं सीलर (दगडात मुरणारा संरक्षक द्रव) फडक्याने पातळ लावा. वर उरलेलं लगेच पुसा, नाहीतर चिकट डाग राहतात. आधी कोपऱ्यातल्या एकाच फरशीवर करून बघा. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र हे काम काढू नका.