आयरिश नाटक कानाने वाचताना : नव्या अभ्यासकांसाठी काही अनुभव

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी मी प्रबंधिकेसाठी ‘समकालीन आयरिश नाटकातील सांस्कृतिक अस्मिता’ हा विषय घेतला, तेव्हा माझ्या पहिल्या आराखड्यात वसाहतोत्तर सिद्धान्ताची परिभाषा भरपूर होती, पण नाटकातील एकाही संवादाचा उल्लेख नव्हता. मार्गदर्शक बाईंनी तो आराखडा शांतपणे वाचला आणि एवढेच विचारले, “रंगमंचावरची ही माणसे कोणत्या भाषेत बोलत आहेत?” नाटक होते ब्रायन फ्रील यांचे ‘ट्रान्सलेशन्स’. मी तत्काळ ‘इंग्रजीत’ असे सांगितले आणि ते उत्तर चुकीचे होते. या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने अस्मिता नाटकाच्या आशयात शोधण्याआधी पात्रांच्या बोलण्यात शोधावी, असे मी आग्रहाने सांगते, त्याचे मूळ त्या चुकलेल्या उत्तरात आहे.

‘ट्रान्सलेशन्स’चा काळ १८३३चा आणि स्थळ डॉनिगॉल परगण्यातील ‘बॅल्या ब्यॉग’ हे काल्पनिक खेडे. आयरिश भाषेत या नावाचा अर्थ ‘लहान गाव’ असा होतो. तेथे एका जुन्या गोठ्यात गावशाळा भरते आणि मोठी माणसेही तिथे लॅटिन व ग्रीक शिकतात. गावकरी आपसांत आयरिश बोलतात आणि नकाशे करण्यासाठी आलेले ब्रिटिश सैनिक इंग्रजी बोलतात, पण प्रेक्षकाला दोन्ही भाषा इंग्रजीतच ऐकू येतात. एकमेकांची भाषा न कळणारी दोन माणसे एकाच भाषेत बोलत आहेत आणि तरीही त्यांना एकमेकांचे बोलणे कळत नाही, हे आपण प्रेक्षक म्हणून मान्य करतो. ही युक्ती ज्याच्या लक्षात येत नाही, त्याने नाटकाची गोष्ट वाचली असली तरी नाटक वाचलेले नसते. ज्या भाषेच्या ऱ्हासाबद्दल हे नाटक आहे ती भाषा आयर्लंडमधील बहुसंख्य प्रेक्षकांनाही आता कळली नसती, म्हणून ती इंग्रजीत ऐकवावी लागते. नाटकाचे दुःख त्याच्या तंत्रातच सामावलेले आहे.

या नाटकातील एका प्रसंगापाशी नव्या अभ्यासकाने बराच वेळ थांबावे. गावचाच मुलगा ओवेन आणि लेफ्टनंट योलंड हे दोघे मिळून स्थलनामांची इंग्रजी रूपे ठरवत असतात. ‘बुन ना हाऊन’, म्हणजे नदीचे मुख, याचे ते ‘बर्नफूट’ करतात. मग ‘टोबर व्री’ नावाचा एक चौक येतो. टोबर म्हणजे विहीर, पण तेथे आता विहीर नाही. दीडशे वर्षांपूर्वी ब्रायन नावाच्या माणसाच्या चेहऱ्यावर गाठ आली होती. विहिरीचे पाणी पवित्र आहे, या श्रद्धेने तो महिनोन्महिने तिथे चेहरा धूत राहिला, गाठ गेली नाही आणि शेवटी तो त्याच विहिरीत बुडालेला सापडला. ‘व्री’ हे ब्रायनचेच झिजलेले रूप. ही हकीकत ओवेनला आजोबांकडून कळलेली असते आणि गावात आता ती कोणाच्याही स्मरणात नसते. नाव टाकून देऊ या, असे ओवेन सुचवतो आणि ते राखावे असा हट्ट योलंड, म्हणजे इंग्रज अधिकारी, धरतो. आमची भाषा आणि त्यांचे आक्रमण अशी सरळ मांडणी करून बसलेल्या विद्यार्थ्याला हे पान अस्वस्थ करते आणि ते करायलाच हवे. शिवाय अमेरिकेला जाण्यासाठी इंग्रजी शिकू पाहणारी मॉइरे याच गावातली आहे आणि लेखकाने तिला चुकीची ठरवलेले नाही.

नाटकाचा पहिला प्रयोग २३ सप्टेंबर १९८० रोजी डेरीच्या गिल्डहॉलमध्ये झाला. फ्रील आणि अभिनेते स्टीफन रे यांनी त्याच वर्षी स्थापन केलेल्या ‘फील्ड डे’ या संस्थेची ती पहिली निर्मिती होती. उत्तर आयर्लंडमधील या शहराला आयरिश राष्ट्रवादी, मुख्यतः कॅथलिक समाज डेरी म्हणतो आणि ब्रिटनशी निष्ठा राखणारा, मुख्यतः प्रॉटेस्टंट समाज लंडनडेरी. स्थलनामांवरचे नाटक अशा शहरात सुरू होते, हा तपशील मी सुरुवातीला तळटीपेत टाकला होता. तो वास्तविक पहिल्या परिच्छेदात हवा होता.

मात्र या नाटकाला इतिहास समजू नये. आयर्लंडच्या भूमापनाचे अभ्यासक जे. एच. अँड्र्यूज यांनी नाटकातील सैनिकी दहशतीच्या चित्रणावर आक्षेप घेतले आहेत, आणि प्रत्यक्ष सर्वेक्षणात जॉन ओ’डोनोव्हन यांच्यासारखे आयरिशचे जाणकार नावांची मूळ रूपे कसोशीने नोंदवत होते. मराठी अभ्यासकाला हा भाग अधिक जवळचा वाटेल, असे एक कारण आहे. डेरीजवळच्या लॉक फॉइलच्या काठी १८२७-२८मध्ये पायारेषा, म्हणजे पुढच्या सर्व मोजणीला आधार असलेली रेषा, मोजण्यासाठी थॉमस कोल्बी यांनी लोखंड आणि पितळ जोडून तापमानाने लांबी न बदलणाऱ्या पट्ट्या वापरल्या होत्या. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी तशाच पट्ट्या १८३०मध्ये भारतातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी आणल्या. आपल्या गावांची नावे ज्या नकाशांवर इंग्रजी वळणाने चढली, त्या नकाशांची आयरिश नकाशांशी अशी थेट सोयरीक आहे.

आता भाषेविषयी. आयरिश लोकांचे इंग्रजी सुरुवातीला चुकीचे वाटते, पण मराठी माणसाला ते लवकर उमगते. आयरिश भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांना स्वतंत्र शब्द नाहीत. उत्तरात क्रियापद पुन्हा उच्चारतात. आपणही “पाहिलंस का?” या प्रश्नाला “पाहिलं” असे उत्तर देतोच. तीच सवय त्यांच्या इंग्रजीत ‘आय डिड’, ‘ही इज’ अशा उत्तरांतून उतरते. घरच्या कर्त्या पुरुषाला नाव न घेता नुसते ‘हिमसेल्फ’ म्हणतात, ते वाचताना मला आजीचे “हे घरी नाहीत” आठवले. ‘आय अ‍ॅम आफ्टर लूझिंग द की’ याचा अर्थ किल्ली शोधतो आहे असा नसून ती नुकतीच हरवली, असा आहे. अशा वाक्यांची वही ठेवावी; माझ्या वहीतूनच प्रबंधिकेचे दुसरे प्रकरण तयार झाले.

याच बोलीच्या कसोटीवर पुढची नाटके वाचावीत. मार्टिन मॅकडोना यांचा जन्म लंडनचा, आईवडील आयरिश. त्यांच्या ‘द ब्यूटी क्वीन ऑफ लीनेन’चा पहिला प्रयोग १९९६मध्ये गॉलवेत ‘ड्रुइड’ या नाट्यसंस्थेने केला, आणि त्यातील खेडवळ इंग्रजी खरी की परक्यांसाठी रचलेली, हा वाद आजही संपलेला नाही. माझ्या मते ती रचलेलीच आहे आणि तिचे बळही त्यातच आहे. फ्रँक मॅकगिनेस हे कॅथलिक डॉनिगॉलचे. पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत उतरलेल्या अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडील प्रांताच्या, प्रॉटेस्टंट सैनिकांवर त्यांनी १९८५मध्ये नाटक लिहिले, म्हणजे समोरच्या समाजाची प्रार्थना आणि गाणी त्यांनी आपल्या कानांनी ऐकली.

जे. एम. सिंज (उच्चार ‘सिंग’) यांच्या ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’वरून १९०७मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये दंगा झाला होता. बरोबर १०० वर्षांनी त्याच अ‍ॅबीत बिसी अडिगुन आणि रॉडी डॉयल यांनी केलेल्या रूपांतरात नायक नायजेरियातून आलेला होता. पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पाठवणाऱ्या देशात आता माणसे येऊ लागली, हा बदल या दोन तारखांमध्ये दिसतो. मरीना कार यांच्या ‘बाय द बॉग ऑफ कॅट्स’मध्ये (१९९८) ग्रीक पुराणकथेतील मीडिया या स्त्रीची कथा दलदलीच्या प्रदेशात आणि भटक्या ट्रॅव्हलर समाजाशी नाते असलेल्या हेस्टर स्वेनच्या आयुष्यात घडते. आयरिश सरकारने या समाजाला स्वतंत्र वांशिक गट म्हणून मान्यता दिली ती थेट २०१७मध्ये, आणि रोझलीन मॅकडोना या ट्रॅव्हलर लेखिका आपल्या समाजाची गोष्ट स्वतः रंगमंचावर आणत आहेत. दोघींची नाटके शेजारी ठेवून वाचावीत. कोण कोणाविषयी बोलते, हा प्रश्न तिथे आपोआप उभा राहतो.

साधनांबाबत थोडे सांगते. ‘टांगलन’ या विनामूल्य शब्दकोशात आयरिश शब्दांचे उच्चार तीन बोलींमध्ये ऐकता येतात. डॉनिगॉलच्या नाटकासाठी अल्स्टरचा उच्चार निवडावा. स्थलनामांसाठी ‘लोगॅनिम’ हा संग्रह आहे. फ्रील यांची कागदपत्रे डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि अ‍ॅबीचा संगणकीकृत संग्रह गॉलवे विद्यापीठात आहे, पण तिथवर जाता आले नाही म्हणून काम अडत नाही. चार-पाच जणांनी भूमिका वाटून घ्याव्यात आणि नाटक मोठ्याने वाचावे.

आम्ही वसतिगृहाच्या गच्चीवर ‘ट्रान्सलेशन्स’ असेच वाचले. पहिल्या अंकात मुकी समजली जाणारी सेरा मोठ्या कष्टाने स्वतःचे नाव उच्चारायला शिकते. तिसऱ्या अंकात कॅप्टन लॅन्सी तिला दरडावून नाव विचारतो. सेराची भूमिका वाचणारी मैत्रीण तिथे थांबली, कारण तिचे ओठ हलत असले तरी संहितेत तिच्या वाट्याला शब्दच नव्हता. पुढचे वाक्य कोणीच लगेच वाचले नाही. खालच्या रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज विरेपर्यंत आम्ही सगळ्या त्या मैत्रिणीकडे पाहत होतो. माझ्या प्रबंधिकेचे पहिले प्रकरण नंतर तिथूनच सुरू झाले.