अवघड पायांसाठी क्लाइंबिंग शूज
पंजा रुंद आणि टाच बारीक असेल, तर वेल्क्रोपेक्षा लेसचे शूज बरे. पुढे सैल, वर घट्ट असं हवं तसं बांधता येतं. पाऊल एकूणच सडपातळ असेल तर ‘लो व्हॉल्यूम’ (आतून कमी जागेचं) मॉडेल बघा. त्यावर ‘महिलांसाठी’ लिहिलेलं असलं तरी पुरुषांनी खुशाल घालावं. शूज संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना घालून बघा आणि एखाद्या अरुंद कडेवर अंगठ्याच्या जोरावर उभे राहा. टाचेत पोकळी राहिली तर हील हुक करताना, म्हणजे टाच खडकावर अडकवून जोर घेताना, शूज निसटणारच. तळव्याला आधार हवा असेल तर कडक मिडसोल (तळाच्या रबरावरचा आतला थर) बघा. अस्तर नसलेलं चामडं वापरून बरंच सैलावतं, सिंथेटिक फारसं नाही. बोटं किंचित वाकलेली चालतात. कळ येत असेल तर ‘होईल सैल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.