दूरगावी बिऱ्हाड हलवताना या चुका टाळा: गाडी भरायच्या आधी नाव जुळवा

माझ्या टेबलावर तीन कागद होते. कोटेशनवर एका फर्मचं नाव, बिल्टीवर (गाडीवाला माल घेतल्याची देतो ती पावती) दुसऱ्याच फर्मचं, आणि टोकनचे पाच हजार ज्या खात्यात गेले ते खातं तिसऱ्याच माणसाचं. सामान माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून पुण्याला निघालेलं, चौथ्या दिवशी दारात येणार होतं, सातव्या दिवशीही पत्ता नव्हता. भाऊजी खुर्चीत बसून तेच तेच म्हणत होते, "आता भांडाचं कोनासंग?"

मी तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविम्याचे अर्ज, पोरांचे दाखले, दिवसभर लोकांचे कागदच बघत असतो. तरी घरचे कागद सामान अडकल्यावर हातात घेतले, याची खंत आजही आहे. तेव्हापासून कोणी गाव सोडून नोकरीला निघालं की मी स्वतःहून म्हणतो, टोकन टाकायच्या आधी कागद घेऊन या. येणाऱ्यांच्या चुका बहुतेक त्याच असतात.

कोणताही शिक्का म्हणजे परवाना, असं समजणं

आपल्याकडे गावात मूव्हर्सवाला नसतो. मोबाइलवर शोधलं की "यवतमाळ शाखा", "वणी शाखा" अशी नावं येतात. फोन लावला तर माणूस तिसऱ्याच शहरातून बोलतो. परवाना मागितला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर चार-पाच फोटो टाकतो, आणि आपण शिक्के बघून गप्प बसतो. ते कागद काय असतात ते सांगतो.

गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंद. उद्यम म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेली नोंद. ती फुकट होते आणि स्वतःच माहिती भरून मिळते, मी रोज काढून देतो. आयएसओचं प्रमाणपत्र हा सरकारी परवाना नाही. "आयबीए मान्य" ही बँकांच्या संघटनेची शिफारस असते, बँकांनी कोणत्या वाहतूकदाराची बिल्टी ग्राह्य धरावी यासाठीची. ती खरी असेल तर चांगलीच गोष्ट, पण बदलीवर जाणाऱ्या बँकवाल्यांना लागते म्हणून खोटी छापणारेही आहेत. संघटनेच्या यादीत नाव शोधल्याशिवाय त्या शिक्क्याला अर्थ नाही.

मागायचा कागद वेगळा आहे. रस्त्याने मालवाहतुकीचा 2007 चा कायदा, ज्याला धंद्यातले लोक 'कॅरेज बाय रोड' म्हणतात, तो 1 मार्च 2011 पासून लागू आहे. भाड्याने लोकांचा माल नेणाऱ्याने 'कॉमन कॅरिअर' म्हणून नोंदणी केलीच पाहिजे, असं तो सांगतो. ही नोंदणी परिवहन प्राधिकरणाकडे होते, म्हणजे विचारायला जायचं आरटीओत, आणि ती दहा वर्षं चालते. "आमची स्वतःची गाडी नाही, आम्ही फक्त बुकिंग घेतो" हे उत्तर ऐकून घेऊ नका. बुकिंग करणारी कंपनी, एजंट, दलाल हे सगळे त्या व्याख्येत येतात.

तेव्हा फोनवर नाव घेऊनच विचारा, "कॅरेज बाय रोडचं रजिस्ट्रेशन आहे का? नंबर पाठवा." ज्याच्याकडे असतं तो पाठवतो. ज्याच्याकडे नसतं तो आधी विषय बदलतो आणि मग "आजच बुक केलं तर दोन हजार कमी" असं सुरू करतो. पाठवला तर नाव, पत्ता, मुदत आणि कोणत्या कार्यालयाने दिलाय ते वाचा. नागपूरचा असेल आणि नागपुरात कोणी नातेवाईक असेल, तर त्याला आरटीओत एक चक्कर मारायला सांगा.

जीएसटी नंबर बघणं, पण टाकून न बघणं

ताईच्या कोटेशनवर जीएसटी नंबर होता, पंधरा अक्षरांचा, अगदी ठळक. तो मी सामान अडकल्यावर टाकून बघितला. नोंदणी रद्द झालेली होती.

याला दोन मिनिटं लागतात आणि लॉगिनही लागत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये नंबर टाका. खरं नाव, धंद्याचं नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि ती चालू आहे की रद्द, सगळं समोर येतं. "25 वर्षांचा अनुभव" लिहिणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर त्याला कारण विचारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्र 27, तेलंगण 36, मध्य प्रदेश 23, छत्तीसगड 22. (अमरावतीच्या गाड्यांच्या एमएच-27 शी त्या 27 चा संबंध नाही, लोक हमखास गोंधळतात.) "यवतमाळची फर्म" म्हणणाऱ्याचा नंबर 27 ने सुरू होत नसेल, तर तो यवतमाळचा नाही. नावापुढे प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही ते नाव सापडायला हवं.

आणि पैसे. टोकन फर्मच्या नावाच्या खात्यातच टाका. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते वाचा. तिथे एखाद्या अनोळखी माणसाचं नाव आलं, तर थांबा. ताईच्या वेळी ते नाव स्क्रीनवर दिसत होतं, भाऊजींनी वाचलंही होतं. "त्यांचा मॅनेजर असंल" म्हणून पुढे गेले.

गाडी दारात आल्यावर कागद न बघणं

गाडी आली की हमाल घाई करतात, शेजारीपाजारी जमतात, चहा होतो, आणि गाडीचा नंबर कोणी लिहून घेत नाही. नंबर प्लेट पिवळी हवी, तिच्यावर काळे आकडे. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी असते, भाड्याने माल नेण्याची नव्हे. विजेवरची असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळे आकडे. एमपरिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाकला की फिटनेस, विमा, परमिट यांच्या तारखा दिसतात. राज्याबाहेर, म्हणजे आदिलाबाद-हैदराबादकडे वगैरे जाणार असेल, तर नॅशनल परमिट लागतं आणि गाडीच्या पुढेमागे एन.पी. लिहिलेलं असतं.

इथे उलटीही चूक होते. गावातल्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही म्हणून पहिल्या टप्प्याला छोटा हत्ती येतो. त्याचं परमिट दिसत नाही म्हणून एकाने हमालांना परत पाठवलं होतं. मालासकट एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागतच नाही. तिचा विमा आणि फिटनेस मात्र बघायचाच.

खरा प्रश्न असा विचारा: "माल मध्ये कुठे उतरणार का?" ताईचं सामान छोट्या गाडीतून आधी उलट्या दिशेला नागपूरला गेलं, नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या एका गोदामात पडून राहिलं, आणि पुण्याकडची गाडी भरेपर्यंत तिथेच होतं. पार्ट लोडमध्ये, म्हणजे एकाच गाडीत अनेकांचं सामान जातं तेव्हा, असं होतंच, त्यात गैर काही नाही. पण ते आधी सांगायला हवं, आणि दुसऱ्या गाडीचा नंबरही मिळायला हवा. आम्ही पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन करत राहिलो. तो बिचारा म्हणाला, "दादा, मी त वाडीले खाली करून कधीचाच परत आलो."

बिल्टी न वाचता सही करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

ताईची बिल्टी गुलाबी कागदाची, कार्बनची तिसरी प्रत. मजकूर इतका फिका की उजेडात धरून वाचावा लागला. मालाचं वर्णन: "जुनं घरगुती सामान, 38 नग". बस. दिवाण नाही, आलमारी नाही, आईचा तांब्याचा गुंड (पाण्याचा हंडा) नाही. किमतीची चौकट कोरी. भाड्याच्या रकान्यात 6,000, आणि भाऊजींनी दिलेले एकूण 24,000. बाकीची रक्कम पॅकिंग, हमाली म्हणून वेगळ्या चिठ्ठीवर. खाली निळा रबरी शिक्का: "ओनर्स रिस्क", म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची.

यातली प्रत्येक जागा पैशाची आहे. कायद्याप्रमाणे माल हरवला किंवा खराब झाला तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत असते, आणि तीही आपण लिहून दिलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणजे रकान्यात 24,000 ऐवजी 6,000 लिहिले, तर वरची मर्यादा दोन लाख चाळीस हजारांवरून साठ हजारांवर आली. किमतीची चौकट कोरी, तर साठ हजार मागायलाही हातात कागद नाही. जास्त किमतीचा माल असेल तर जादा जोखमीचा दर देऊन जास्त जबाबदारी लिहून घेता येते, पण ती लेखी.

माल देताना आपणही एक कागद भरून द्यायचा असतो, मालाचं वर्णन आणि किंमत सांगणारा, 'गुड्स फॉरवर्डिंग नोट'. तो कोणी देत नाही आणि कोणी मागत नाही. मागा. तो नसलाच तर वहीच्या पानावर नगाप्रमाणे यादी करा: काय वस्तू, आधीचा ओरखडा कुठे, अंदाजे किंमत किती. दोन प्रती करून दोन्हींवर गाडीवाल्याची सही घ्या. प्रत्येक खोक्यावर मार्करने नंबर घाला आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. दागिने, रोख, शेताची खरेदीखतं यात अजिबात देऊ नका. ते आपल्या पिशवीत.

बिल्टीवर फर्मचं पूर्ण नाव, पत्ता, गाडीचा नंबर, बुकिंगची तारीख, पोचायचा पत्ता आणि सगळं ठरलेलं भाडं हवं. तेच नाव नोंदणीवर, तेच जीएसटीत, तेच बँक खात्यावर. एक जरी वेगळं निघालं, तर सामान घरात असतानाच त्याचा खुलासा घ्या.

"विमा केलाय" यावर विश्वास

सामानाच्या किमतीच्या अमुक टक्के म्हणून विम्याचे पैसे घेतात. विमा कंपनीचा पॉलिसी नंबर असलेला कागद मिळाला तर तो विमा. नुसत्या पावतीवर "इन्शुरन्स" किंवा "रिस्क चार्ज" लिहिलं, तर विमा कंपनीला आपलं नावही माहीत नसतं. गाडीचा विमा आणि आपल्या मालाचा विमा या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात असू द्या.

आता अडकलंच तर

ताईला गोदामातून फोन आला, "ई-वे बिल आणि बॉर्डर टॅक्सचे नऊ हजार पाठवा, मग गाडी निघते." पांढरकवड्याहून पुण्याला जाताना राज्याची हद्दच लागत नाही. आणि ई-वे बिल म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्यातून वापरलेल्या घरगुती सामानाला सूटच आहे, जीएसटीच्या नियम 138 च्या परिशिष्टात तसं लिहिलेलं आहे. पण हे आम्हाला कळेपर्यंत भाऊजींनी पैसे पाठवले होते. पुण्याकडे शाळा आपल्या आधी उघडतात, पोराची वह्यापुस्तकं खोक्यात, गाद्या गाडीत आणि घरात नुसती फरशी. मी त्यांना दोष देत नाही.

असा फोन आला तर म्हणा, "कशाचे पैसे ते लेटरहेडवर लिहून पाठवा." फोनवर बोलणं झालं की तेच लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा, म्हणजे नोंद राहते. सामान अडवून पैसे मागत असतील तर बिल्टी घेऊन पोलीस ठाण्यात जा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. टोकन घेऊन माणूस गायबच झाला असेल, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम थांबवणं अवघड.

सामान पोचलं की पोचपावतीवर सही करायच्या आधी खोकी उघडा. हमाल घाई करतील, करू द्या. काही फुटलं असेल तर त्यांच्या प्रतीवर हाताने लिहा: "नग क्रमांक अमुक, आरसा फुटलेला मिळाला", आणि मग सही. ताईच्या आलमारीचा आरसा गेला होता, गुंडाला मोठा पोचा पडला होता आणि दोन नग आलेच नाहीत. फोनवर मी सांगितल्याप्रमाणे तिने हे सगळं लिहिलं, फोटो काढले, आणि तोच कागद पुढे उपयोगी पडला.

दावा करायचा तर वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक केल्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत. माल पोचल्या तारखेपासून नव्हे, इथे लोक चुकतात. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करायची गरज नाही, कायद्यात तशी तरतूद आहे. त्याने ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, फर्मच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

ताईने नोटीस पाठवली ती बिल्टीवरच्या नावाने, कोटेशनवरच्या नावाने आणि खातेदाराच्या नावाने, तिन्ही पत्त्यांवर वेगवेगळी. दोन पाकिटं "पत्त्यावर कोणी राहत नाही" म्हणून परत आली. तिसरं पोचलं, आणि आठवड्याभरात त्या माणसाचा स्वतःहून फोन आला.